तापमानवाढीच्या वादात इतिहासकाराचं काय काम?

गिरगावकर:
एरिक कॉनवे हे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे इतिहासकार. मंगळमोहिमांचा आणि धुक्यात विमान उतरवण्याच्या तंत्राचा इतिहास लिहिलेला माणूस. सिगारेटच्या दुष्परिणामांबद्दल शंका पसरवणाऱ्यांपैकीच काही शास्त्रज्ञ पुढे तापमानवाढीवर शंका घेत होते, हे त्यांनी विज्ञानाच्या इतिहासकार नेओमी ओरेस्केस यांच्यासोबत २०१० साली एका पुस्तकात दाखवून दिलं.

मला यातली रॉबर्ट जॅस्ट्रो यांची गोष्ट सोडवत नाही. नासाची गोडार्ड अवकाश अभ्यास संस्था १९६१ मध्ये त्यांनी उभी केली. १९८१ मध्ये त्यांच्या खुर्चीवर जेम्स हॅन्सन आले, शुक्राच्या ढगांचा अभ्यास करता करता पृथ्वीच्या हवेकडे वळलेले. १९८८ मध्ये हॅन्सननी अमेरिकी सिनेटला सांगितलं, तापमानवाढ सुरू झाली आहे. पुढच्याच वर्षी जॅस्ट्रोंच्या मार्शल इन्स्टिट्यूटने तापमानवाढीचं कारण म्हणून बोट दाखवलं सूर्याकडे! ही संस्था १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या ‘स्टार वॉर्स’ या क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण योजनेची बाजू मांडायला काढलेली. या लोकांना विज्ञान कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना धास्ती होती सरकारी निर्बंधांची, आणि ती धास्ती जुन्या कागदांतच सापडते.

ठाणेकर इंजिनियर:
नाही पटलं. हेतू वाईट म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. सूर्याचं म्हणणं खोडायचं तर मोजमापाने खोडा.

आणि आपल्याकडे पाणी तुंबलं की लगेच ‘क्लायमेट चेंज’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, कुलाब्याला पाऊणशेही नाही. एकाच शहरात! मिठी नदी आपण भराव घालून बुजवली. खापर कार्बनवर फोडलं की सगळे मोकळे.

कलिना १९९२:
मिठीबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या गोदरेजच्या कपाटावर त्या रात्रीच्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर चार बोटं. आईने ती घासू दिली नाही.

पण मोजमाप हवं ना? सूर्य तापला असता तर हवेचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात शाळेत शिकलेलं ते जमिनीलगतचं तपांबर तापलं आणि वरचं स्थितांबर थंड झालं. उपग्रहांनीच मोजलंय. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाल्या. त्यामागे अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे. एका दिवसाच्या पावसावरून कुणीच काही सिद्ध करत नाहीये.

ठाणेकर इंजिनियर:
स्थितांबराचा मुद्दा मान्य. पण तो वातावरणशास्त्रज्ञांनी सिद्ध केला. मग इतिहासकाराने काय केलं?

गिरगावकर:
शास्त्रज्ञांचं एकमत झाल्यावरही लोकांना ‘वाद चालू आहे’ असं का वाटत राहिलं, हे थर्मामीटर सांगत नाही. १९६९ च्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिलं होतं: शंका हेच आमचं उत्पादन. असे कागद कुणीतरी बसून वाचावे लागतात.

ठाणेकर इंजिनियर:
टिपण शोधून वाचतो. मिठीचं मात्र मागे घेणार नाही.