शाळेच्या शनिवारच्या पत्रकात आजारपणं लिहायची की नाही?

नांदेडफाटा
काल 'पर्वतीवाला' यांनी लिहिलं की छोट्या शाळेच्या साप्ताहिक पत्रकात फक्त शाळेच्या बातम्या असाव्यात, "अमक्या वर्गात कांजण्या, तमक्या वर्गात ताप" असलं काही नको, त्याने घबराट पसरते आणि निम्मे पालक मुलांना घरी ठेवतात. तिथेच दोन ओळी लिहून सोडून देणार होते पण रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मागच्या नवरात्रात आमच्या शाळेच्या पत्रकात भोंडल्याचे फोटो होते, खिरापतीला कोणी काय आणलं तेसुद्धा होतं. त्याच आठवड्यात माझ्या मुलाच्या वर्गातली दोन मुलं कांजण्यांनी घरी होती, ते नव्हतं. बाईंना माहीत, ऑफिसला माहीत, रिक्षावाल्या काकांना माहीत. आम्हाला कळलं सोळाव्या दिवशी, मुलाच्या पाठीवर पाण्याचे फोड दिसले तेव्हा. कांजण्या आत शिरल्यापासून दहा ते एकवीस दिवसांनी बाहेर पडतात आणि फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागतात. म्हणजे आदल्या रात्री तो ज्या मावशीच्या ताटात जेवला, ती मावशी, माझी बहीण, सातवा महिना, डोहाळजेवणासाठी आलेली.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, हिला लहानपणी झाल्या होत्या का? आईला आठवेना हिला झाल्या होत्या की मामेभावाला. रक्त दिलं, रिपोर्टला दोन दिवस लागले, ते दोन दिवस आई देवघरासमोरून उठली नाही. गरोदर बाईला पहिल्यांदाच कांजण्या झाल्या तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं हे तेव्हा कळलं. रिपोर्ट चांगला आला, तिला लहानपणी होऊन गेलेल्या. पण शाळेकडून एक ओळ आली असती, "दुसरीत कांजण्या आहेत, घरात कोणी गरोदर असेल किंवा केमो चालू असेल तर डॉक्टरांशी बोला", तर मी बहिणीला पंधरा दिवस उशिरा बोलावलं असतं. एका ओळीने कसली घबराट पसरते ते मला सांगा.

पर्वतीवाला
तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण माझा मुद्दा तिथेच आहे. मी 2009 चा ऑगस्ट पाहिलाय. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलीचा, आणि पुढच्या आठ दिवसांत या शहराचं काय झालं ते आठवा. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, साधी सर्दी असलेले लोक खरोखरच्या पेशंटला चिकटून तासन् तास उभे. माझा पुतण्या तिथे रांगेत उभा राहून आल्यावर आजारी पडला, त्याआधी नुसतं नाक गळत होतं. तेव्हापासून माझं मत आहे की आजाराची बातमी आजाराइतकीच सांभाळून द्यायची असते. शाळेतल्या क्लार्कला ते जमणार आहे का? तो "ताप" लिहील, ग्रुपवर "डेंगी" होईल आणि सोमवारी वर्गात सहा मुलं असतील.

नांदेडफाटा
2009 मध्ये माणसं रांगेत उभी राहिली कारण घरी थांबायचं कधी आणि नायडूला जायचं कधी हे त्यांना नीट कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

आणि जानेवारी 2025 विसरलात का? जीबीएसच्या (गुलेन बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) साथीच्या वेळी मी ह्याच भागात होते. सिंहगड रोडकडचं आपलं नांदेड, किरकटवाडी, धायरी. सोसायटीच्या ग्रुपवर रोज नवीन फॉरवर्ड, चिकन बंद करा, मुलांना शाळेत पाठवू नका, शेजारच्याला झालाय तर त्यांच्याकडे जाऊ नका. अहो, जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागतच नाही. जुलाबांचे जे जंतू मागे लागतात आणि त्यानंतर काहींच्या नसांवर परिणाम होतो, ते जंतू पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या चिकनमधून जातात. पाणी उकळा, चिकन पूर्ण शिजवा, मुलाच्या पायातली ताकद गेल्यासारखी वाटली तर तडक हॉस्पिटल गाठा, इतकंच सांगायचं होतं. त्या शनिवारच्या पत्रकात स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे पैसे कधी भरायचे ते होतं.

वर्गताई
इतके दिवस नुसती वाचत होते. मी अशाच एका शाळेत शिकवते, दीडशेच्या आत मुलं, आणि पत्रक मीच लिहिते. शनिवारी अर्धा दिवस शाळा सुटली की दोन तास, बिनपगारी.

तुम्ही म्हणता शाळेने सांगितलं नाही. शाळेला कोण सांगतं? सकाळी सव्वासातला मूल येतं, लालबुंद गाल, विचारलं तर म्हणतं आईने गोड औषध दिलं. साडेअकराला पॅरासिटामॉलचा असर उतरतो आणि पोर बाकावर डोकं टाकतं. आईला फोन केला तर मीटिंगमध्ये, बाबा हिंजवडीत, आजी गावाला. मग ते मूल माझ्या ओढणीवर झोपतं आणि शेजारची चौघं त्याच्या बाटलीतून पाणी पितात. हँड फूट माउथच्या (हात, पाय, तोंडात फोड येतात तो आजार) साथीत एका आईने मला सांगितलं "डास चावलेत". तळव्यांवर, आणि तोंडाच्या आत! ही लपवाछपवी बंद करा, मग माझ्याकडून पत्रकाची अपेक्षा करा.

हिंजवडी_शटल
ताई, तुमचा राग समजू शकतो पण आमची रजा कोण देणार? बायकोची या वर्षीची सगळी रजा फेब्रुवारीपर्यंत मुलीच्या तापात संपली. औषध देऊन पाठवणं चूक आहे हे आम्हाला कळत नाही असं नाही. माझ्या मॅनेजरला तुमचं पत्रक पाठवू का?

वर्गताई
पाठवा. पण तोपर्यंत तुमच्या मुलीशेजारी बसणाऱ्या मुलाच्या आईलाही रजा नाही, एवढं लक्षात असू द्या.

आबा_सदाशिव
आमच्या लहानपणी कांजण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचे. वाड्यातल्या सगळ्यांना कळायचं, त्या घरी पोरं जायची नाहीत, बाहेरचं कोणी चपला घालून आत यायचं नाही. तो डहाळा म्हणजे तुमचं शनिवारचं पत्रकच होतं. त्याची कोणी लाज बाळगली नाही. आता एकाच मजल्यावर राहून कोणाला काय झालंय ते कळत नाही.

फुलवा
आबा, लाज कोणी बाळगली नाही असं तुम्हाला वाटतंय. मी सांगते काय होतं ते.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या पत्रकात आलं, "पहिलीच्या वर्गात उवा आढळल्या आहेत, पालकांनी काळजी घ्यावी". नाव नव्हतं. पण पहिलीत एकोणीस मुलं, त्यातल्या मुली सात, आणि लांब केस दोघींचे. शुक्रवारी बाईंनी माझ्या मुलीची वेणी सोडून बघितली होती हे सगळ्या वर्गाने पाहिलेलं. सोमवारी डब्याच्या वेळी तिच्या शेजारी कोणी बसेना. वाढदिवसाला बोलावणं नाही. मी तिचे केस खांद्यापर्यंत कापले, ती आरशात बघून इतकी रडली की शेवटी मीही रडले. छोट्या शाळेत "नाव लिहिलं नाही" याला काही अर्थ नसतो. माझ्यासाठी त्या पत्रकाने फक्त एवढंच केलं.

कर्वेनगर_कट्टा
स्पष्टच बोलतो, राग येईल. उवा कुठून येतात ते सगळ्यांना माहितीये. आरटीईचे, गरीब घरांतल्या मुलांसाठीचे पंचवीस टक्क्यांचे प्रवेश सुरू झाल्यापासून वर्गात कुठून कुठून मुलं येतात, घरी आंघोळीची बोंब.

फुलवा
माझी मुलगी त्या पंचवीस टक्क्यांतलीच आहे. मी दोन घरी पोळ्या करते आणि रोज रात्री तिचे केस स्वतः विंचरते. तुमच्या घरी तुमच्या मुलीचे केस कोण विंचरतं?

नेत्रा
कट्टा, उवेला स्वच्छ केस काय आणि घाण केस काय, दोन्ही सारखेच. तिला फक्त रक्त हवं असतं. ती उडी मारत नाही, उडत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. त्यामुळे ज्या मुली गळ्यात गळे घालून खेळतात त्यांना होतात, घर कुठलं का असेना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की उवांसाठी मुलाला शाळेतून घरी पाठवायची गरज नाही. कोणाच्या आंघोळी काढायच्या आधी एवढं वाचत जा.

आबा_सदाशिव
उवांवर एकच उपाय, सीताफळाच्या बिया वाळवून कुटायच्या, खोबरेल तेलात कालवून रात्री डोक्याला लावायच्या. आमच्या आईने आम्हा पाचही भावंडांना लावलंय. सासवडच्या सीताफळांच्या दिवसांत बिया वर्षभराच्या साठवून ठेवायची.

नेत्रा
आबा, हात जोडते, हे इथे लिहू नका. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली की बुबुळावरचा पडदा सोलवटून निघतो. सकाळी न्हाताना तेल ओघळतं, आणि दुपारी मूल डोळे गच्च मिटून, किंचाळत येतं. दर हिवाळ्यात, सीताफळं संपता संपता, आमच्याकडे अशी एखादी तरी केस असतेच. गेल्या वेळी आठ वर्षांची मुलगी होती, तिला उजेडाकडे तोंड करवत नव्हतं, आणि तिची आजी बाहेर भिंतीला टेकून बसलेली, तिला वाटत होतं आपण नातीचे डोळे घालवले. बरी झाली ती, पण आठवडा लागला.

आबा_सदाशिव
आमच्या कोणाला काही झालं नाही.

नेत्रा
तुमच्या आईचा हात सावध असेल. आणि तुम्हाला काही झालं नाही म्हणून ते औषध बिनधोक ठरत नाही.

शनिवारपेठी
मग करायचं काय? रॉकेल लावणारे पण आहेत आमच्याकडे.

नेत्रा
रॉकेल अजिबात नको, भाजतं आणि पेट घेतं. दुकानात परमेथ्रिन एक टक्क्याचं लोशन मिळतं, आधी डॉक्टरांना विचारा. दहा मिनिटं ठेवून धुवायचं आणि सात ते दहा दिवसांनी परत लावायचं, हे परत लावणंच सगळे विसरतात. लोशनने उवा मरतात, लिखा बऱ्याच राहतात, त्या आठवड्याभरात फुटतात, मग बायका म्हणतात औषध खोटं आहे. लोशन नको असेल तर ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक फणीने बट बट काढायची, दर दोन-तीन दिवसांनी, दोन-तीन आठवडे. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा.

पर्वतीवाला
बघा, विषय होता पत्रकाचा आणि दहा प्रतिसाद उवांवर.

नांदेडफाटा
उवांवर नाहीत. नेत्राताईंनी आत्ता जे लिहिलं ते फुलवाताईंच्या शाळेच्या पत्रकात असायला हवं होतं. "उवा आढळल्या, काळजी घ्यावी" म्हणजे नेमकं काय करायचं? काळजी कशी घ्यायची ते सांगितलं नाही म्हणून लोकांनी मुलीची काळजी घेतली, तिला टाळून.

फुलवाताई, तुमच्या मुलीचं वाचल्यावर मी माझं एक म्हणणं मागे घेते. मी म्हणत होते प्रत्येक आजार वर्गासकट लिहा. उवांच्या बाबतीत ते चूक आहे. उवांचं वर्ग न लिहिता, दर मोठ्या सुट्टीनंतर सगळ्या शाळेला एकदम सांगावं, कोणाला असोत नसोत. पण कांजण्या, गोवर, गालगुंड यात वर्ग सांगावाच लागेल. सरकारी यादीत गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची आणि कांजण्यांची नाही, ती खासगीत पैसे देऊन घ्यावी लागते. म्हणजे कोणाच्या मुलाला कवच आहे आणि कोणाच्या नाही हे पैशावर ठरतं, आणि ज्यांच्या मुलांना नाही त्यांनाच बातमी आधी मिळायला हवी.

फुलवा
माझ्या मुलीला कांजण्यांची लस नाही. मला हे आत्ता इथे कळलं की ती वेगळी घ्यावी लागते. मला वाटायचं सगळ्या लसी झाल्यात, कार्डावर सगळे शिक्के आहेत.

वर्गताई
कांजण्यांच्या मुलाला सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत घरी ठेवायचं, साधारण पाच-सात दिवस. हे मी पत्रकात एकदा लिहिलं होतं. संस्थेच्या एका सदस्यांनी काढायला लावलं, म्हणाले प्रवेशाचे दिवस आहेत, आजारी शाळा असं वाटेल. ते सांगायला लाज वाटतेय पण सांगते. मी काढलं.

पर्वतीवाला
हे मात्र गंभीर आहे. असं असेल तर माझा निम्मा आक्षेप चुकीच्या माणसांवर होता. तरी पण माझं म्हणणं तेच, मजकूर डॉक्टरने बघितल्याशिवाय जाऊ नये. आमच्या सोसायटीत दोन बालरोगतज्ज्ञ आहेत, शनिवारी पाच मिनिटं कोणीही देईल. आणि "ताप" असा नुसता शब्द नको. डेंगी म्हणायचं असेल तर तपासणी झाली की नाही ते लिहा, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, गच्चीवरचे ड्रम आठवड्यातून एकदा कोरडे करा हेही लिहा, शाळेतले आधी. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळेतच.

कर्वेनगर_कट्टा
उवांबद्दल मला माहीत नव्हतं. फुलवाताई, शब्द जास्त झाले.

फुलवा
ठीक आहे.

हिंजवडी_शटल
वर्गताई, मुलीला ताप आला तर औषध द्यायच्या आधी रात्रीच तुम्हाला मेसेज टाकेन. सकाळी पाठवणार की नाही हे वचन देत नाही, पण लपवणार नाही.

वर्गताई
एवढं केलंत तरी माझा शनिवार सोपा होईल. फक्त रात्री अकराला नका टाकू, साडेनऊपर्यंत टाका.

शनिवारपेठी
नेत्राताई, ती बारीक लाकडी फणी तुळशीबागेत अजून मिळते का? प्लॅस्टिकचीचे दात वाकतात, लिखा निघतच नाहीत.

नेत्रा
लाकडी मिळते, पण स्टीलच्या लांब दातांची बघा, ती उकळत्या पाण्यात टाकून धुता येते. दात नखाने वाकवून बघा, वाकले तर घेऊ नका.