फाईल समोर दिसतेय, तरी सापडत नाही : आपापले अनुभव लिहा

रात्रपाळी:
आज टीममधल्या नव्या मुलीनं विचारलं, "दादा, फाईल बकेटमध्ये समोर आहे, लॅम्डा म्हणतो नाहीच." (बकेट म्हणजे ॲमेझॉनच्या एस-थ्री या क्लाऊड साठवणीतला कप्पा, लॅम्डा म्हणजे फाईल आली की आपोआप चालणारा आपला कोड.) नाव पाहिलं, 'गाव निहाय यादी (२)'. आणि मला २०१९चं लक्ष्मीपूजन आठवलं. एस-थ्रीच्या इव्हेंटमध्ये, म्हणजे फाईल आल्याच्या सूचनेत, की (फाईलचं पूर्ण नाव) एन्कोड होऊन येते: मराठी अक्षरं आणि खास चिन्हं %च्या कोडमध्ये जातात, स्पेसच्या जागी + बसतो. आम्ही ती तशीच पुढे दिली होती. खरं तर ४०४ ('फाईल नाही') यायला हवा, पण आमच्या कोडच्या रोलला बकेटमधली यादी पाहायची (लिस्ट) परवानगी नव्हती, त्यामुळे ४०३ ('परवानगी नाही') येत राहिला. चार तास परवानग्याच तपासत बसलो! आईनं फराळाचं ताट लॅपटॉपशेजारी आणून ठेवलं, ते तसंच. शेवटी लॉगमधली की आणि कन्सोलवरचं नाव एकाखाली एक ठेवलं, तेव्हा तो + दिसला. पायथनमध्ये एका ओळीचं काम, अनकोट-प्लस: तो की डिकोड करून मूळ नाव परत देतो. तुमचं काय झालं होतं?

घाटमाथा:
आम्ही नुसतं अनकोट लावलं होतं. त्यानं %२० (हाही स्पेसचाच कोड) सुटतो, + तसाच राहतो. नावात खरा + असेल ('अ+ गट') तर तो इव्हेंटमध्ये %२बी होऊन येतो, म्हणून अनकोट-प्लसनं दोन्ही नीट होतात.

चकली:
दोनदा डिकोड!! एकदा दारात मी, एकदा आत दुसऱ्या टीमनं. महिनाभर काही बिघडलं नाही. मग फाईल आली 'सवलत १०%२०२३' (आकडे इंग्रजीत). दुसऱ्या डिकोडनं तिचं 'सवलत १० २३' केलं. बाकी नंतर, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

भरतीओहोटी:
उलटंही होतं. दोनदा एन्कोड केलं की %२०चं %२५२० होतं, कारण % चाच कोड %२५. लॉगमध्ये '२५' दिसला की मी आधी तेच बघतो.

काळीमाती:
शेतीच्या डेटाचं काम. 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फायली, डोळ्यांना अगदी सारख्या, जॉइन मात्र जुळेना. एन्कोड केलेली नावं शेजारी ठेवली तेव्हा उलगडलं. एकीत %ई०%ए४%बी१, म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर. दुसरीत साधा र, हलन्त आणि मागे %ई२%८०%८डी, म्हणजे झेडडब्ल्यूजे, अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. कीबोर्ड वेगळे, बाकी काही नाही. तेव्हापासून आत येतानाच एकरूप करतो, मूळ की मात्र वेगळ्या कॉलमात जपतो, कारण फाईल तिच्याच नावानं मिळते.

नवखा_७:
मराठी नावांवर बंदीच घालावी का?

रात्रपाळी:
नको रे. नाव देणारा माणूस त्याच्या भाषेत देणारच, सांभाळायचं आपण. एकदाच डिकोड करा, दारातच, आणि टेस्टमध्ये मराठी नाव, स्पेस, + आणि % चारही ठेवा.

घाटमाथा:
आणि '/' पण. आमच्या ॲपमध्ये लोकांनी लिहिलेलं शीर्षकच की व्हायचं. '७/१२ उतारा' लिहिलं की '७' नावाचा फोल्डर!

भरतीओहोटी:
मराठी अक्षर ३ बाइट, एन्कोड केलं की ९ कॅरेक्टर. तसंच लिनक्सच्या डिस्कवर उतरवलं तर फाईलच्या नावाच्या २५५ बाइटच्या मर्यादेत जेमतेम २८ अक्षरं. काना-मात्राही मोजायच्या. आमचं 'ग्रामपंचायत'नंतरच संपलं :)

चकली:
आले. @रात्रपाळी, ते ताट मग खाल्लंत की नाही?

रात्रपाळी:
पहाटे तीनला, आईबरोबर. ती जागीच होती.