मदत हवी आहे: पडवीत घरटं, शाकारणी अडलीय

पडवीवाला: लोकहो लवकर सांगा, परवा कौलं चाळायला गडी येतायत आणि पडवीत वाशाखालच्या सांदीत एका पक्ष्याने घरटं केलंय. किती दिवसांत मोकळं होईल? पाऊस तोंडावर आलाय.

रानवाट: कुठला पक्षी? गाव कुठलं? अंडी आहेत की पिल्लं? यातलं काहीच नाही तर सांगणार काय?

पडवीवाला: आंबोली. काळा आहे, साळुंकीएवढा. आत बघितलेलं नाही, शिडी लावली की कर्कश ओरडतो.

कुंदा: साळुंकीच असणार, आमच्याकडे दरवर्षी करते. खोकं टांगा आणि घरटं उचलून त्यात ठेवा, येते परत.

डोंगरवेडा: अजिबात उचलू नका!! पडवीवाले, जवळ ओढा आहे का? उजाडायच्या आधी कोणी शीळ घालतं का?

पडवीवाला: ओढा परसातच आहे. शीळ म्हणाल तर महिनाभर मला वाटतंय वरच्या घरातला पोरगा घालतोय, छान चाल धरतो आणि मधेच भलतीकडे जातो. पण त्याचा इथे काय संबंध?

डोंगरवेडा: तोच तुमचा पक्षी, शीळकरी कस्तूर! सावलीत काळा दिसतो, उन्हात आला की कपाळ आणि खांदे निळे चमकतात, चोच काळी. आपल्या सह्याद्रीतला. हिमालयात याचा भाऊबंद आहे त्याची चोच पिवळी.

चष्मिश: नावातच कस्तूर, हल्ली त्याला माशीमारांच्या कुळात धरतात. कोणाकडे शिळेचं चांगलं रेकॉर्डिंग आहे का? मी भीमाशंकरला दोनदा केलं, दोन्ही वेळा नुसता ओढ्याचा आवाज.

कुंदा: कूळ कुठलंही असो, घर गळलं तर त्यांनी काय करायचं?

रानवाट: कुंदाताई, 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला त्रास देणं शिकारीतच मोडतं, म्हणून खोकं वगैरे नको. पडवीवाले, तो चोचीत काय घेऊन येतो? शेवाळ-मुळ्या आणत असेल तर घरटं अजून बांधतोय. अंडी असतील तर 16-17 दिवस उबवण्याचेच, पुढे पिल्लं वाढायची ती वेगळी.

पडवीवाला: सकाळी बारका खेकडा होता. ओढ्यातल्या दगडावर आपटून आपटून त्याचे पाय मोडले आणि मग घेऊन आत गेला.

रानवाट: मग पिल्लंच आहेत, खात्रीने. काठीला मोबाइल बांधून एकदाच व्हिडिओ काढा, तोही तो ओढ्यावर गेला की.

डोंगरवेडा: आणि पडवीचं काम पुढे ढकला प्लीज. जागा आवडली तर पुढच्या वर्षीही तिथेच येऊ शकतो.

पडवीवाला: काढला व्हिडिओ. शेवाळाची वाटी आणि दोन उघड्या चोची. गड्यांशी बोललो, परवा माजघरावरची कौलं करतील, पडवीवर बाहेरून ताडपत्री टाकतोय, सांदीकडची बाजू मोकळी ठेवून. आता एकच सांगा, ताडपत्री वाऱ्याने फडफडली तर तो बिचकेल का?