बोनेनकाईसाठी जपानी गाणं सुचवा, अवघड आणि भाव खाऊन जाणारं

प्रेषक: मृणाल (निशि-कासाई)
विषय: गाणं सुचवा

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कामाचं नाही, तरी मंडळाच्या मेल-यादीवर विचारते. डिसेंबरात ऑफिसची बोनेनकाई, म्हणजे वर्षअखेरची पार्टी, आहे आणि जेवणानंतर निजिकाईला, म्हणजे पार्टीच्या दुसऱ्या फेरीला, कराओके ठरलेलंच. गेल्या वर्षी मी 'नादा सोसो' म्हटलं. सगळ्यांनी "जोओझु, जोओझु" करून टाळ्या वाजवल्या आणि लगेच पुढच्या बियरची ऑर्डर दिली. जपानी वाचता येतं एवढ्याचंच ते कौतुक, हे कळतं ना आपल्याला. यंदा ऐकणाऱ्यांनी हातातला मेनू खाली ठेवला पाहिजे.

लहानपणापासून शास्त्रीय शिकले आहे. पट्टी काळी चार. खुल्या आवाजात तार मध्यमापर्यंत जाते, त्यावर आवाज फाटतो. कांजी (जपानीतली चित्रलिपी) वाचते, पण सावकाश. मिसियाचं 'एव्हरीथिंग' डोक्यात आहे. कुणी म्हटलंय का?

मृणाल

---

प्रेषक: अनिकेत (कावासाकी)
विषय: उत्तर: गाणं सुचवा

> मिसियाचं 'एव्हरीथिंग' डोक्यात आहे

नको गं बाई. मूळ गाणं सात मिनिटांच्या पुढे जातं. खोली दोन तासांची, माणसं दहा-बारा, त्यात बुचोंना (विभागप्रमुखांना) निदान तीन गाणी हवीत. तू शेवटच्या कडव्याला पोचेपर्यंत लोक रिमोट घेऊन पुढची गाणी शोधायला लागलेले असतील.

'झांकोकु ना तेन्शी नो तेझे' म्हण. १९९५ च्या 'एव्हान्गेलियन' या अ‍ॅनिमे मालिकेचं. पहिल्या ओळीला अख्खी खोली उभी राहते, हमखास.

अनिकेत

---

प्रेषक: केतकी (ताकादानोबाबा)
विषय: उत्तर: उत्तर: गाणं सुचवा

अनिकेतदादा, खोली उभी राहते आणि सगळेच ओरडतात. मृणालताईचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

आमच्या वयाच्या मुली आदो नाहीतर योआसोबी लावतात. योआसोबीचं 'योरु नि काकेरु' वरवर हलकं वाटतं, पण श्वास घ्यायला जागाच नाही आणि शेवटाकडे पट्टी बदलते. आदोचं 'उस्सेवा' त्याहून अवघड. घोगरा आवाज, मध्येच एकदम वर उडी. तिची अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी आलं होतं ते, ऑक्टोबर २०२० मध्ये. जमलं तर जबरदस्त.

केतकी

---

प्रेषक: शुभदा (योकोहामा)
विषय: मृणालसाठी, जरा लांबलचक

मृणाल,

या यादीवर गाण्याची मेल आली, बरं वाटलं. एरवी सोफा विकणे आहे, नाहीतर तूरडाळ कुठे स्वस्त.

आधी केतकीला. अगं, 'उस्सेवा'चे शब्द नीट वाच. रिकामा ग्लास दिसला की लगेच भर, सगळ्यांना घेता यावं म्हणून काडीवरचे तुकडे काढून ठेव, ऑर्डर आणि बिल बघायला तू पुढे हो, हे ऑफिसातल्या पार्टीचे नियम एकेक मोजून मग "गप्प बसा" म्हणणारं गाणं आहे ते. बोनेनकाईत वरिष्ठांसमोर म्हणायला हिंमत लागते. शिवाय ज्याला पडद्यावरची अक्षरं वाचायला वेळ लागतो त्याने वेगवान गाण्याच्या वाटेला जाऊच नये. कांजीवर फुरिगाना (बारीक अक्षरांतला उच्चार) असतो, पण तो वाचेपर्यंत शब्दांवरचा रंग पुढे सरकलेला असतो.

आता तुझं. उंच सुराची हौस इथे सगळ्यांना आहे आणि प्रत्येक ऑफिसात एक तरी मुलगी मिसिया किंवा उतादाचं 'फर्स्ट लव्ह' घासूनपुसून तयार ठेवते. तिथे तुझी गाठ तिच्याशी. तुझ्या गळ्यात जे आहे आणि तिच्या नाही, ते काढ. एन्का म्हण, म्हणजे इथली जुन्या ढंगाची भावगीतं, आणि एन्कात 'आमागी-गोए'.

इशिकावा सायुरीचं, १९८६ चं. योशिओका ओसामुचे शब्द, गेन तेत्सुयाचं संगीत. कराओकेत कुणालाही सहज म्हणता येतील अशी गाणी तेव्हा धडाधड निघत होती. त्या काळात या मंडळींनी मुद्दाम फक्त तिलाच पेलेल असं गाणं बांधलं. मग अर्थातच सगळा देश तेच म्हणायला लागला.

त्यातली कोबुशी म्हणजे एका अक्षरावर सूर चटकन फिरवून जागेवर आणायचा. मुरकीचीच जात. बाकीचे जिथे वर्षानुवर्षं अडतात ती गोष्ट तुला येते. फक्त मोह आवर. आपण जागा दिसली की भरतो. इथे ओळीत एखादीच, ठरलेल्या अक्षरावर. उलट कंपाचं. आपल्या गुरूंनी आवाजातला कंप मारून टाकलेला असतो. इथे लांब सूर आधी सरळ धरायचा आणि सोडताना रुंद कंप द्यायचा. मला हेच सगळ्यात जड गेलं.

सुरुवात खालच्या सुरात, जवळजवळ पुटपुटल्यासारखी. तिथेच आवाज मोठा केलास तर वर चढायला काही शिल्लक राहत नाही. आणि शब्दांमधला 'न्' गिळू नकोस, त्याला स्वतःची मात्रा असते, बहुतेक वेळा स्वतःचा सूरही. आपली माणसं तिथेच लयीतून निसटतात.

काळी चारचा हट्ट सोड. यंत्रावर पट्टीचं बटण आहे, एका दाबाला अर्धा सूर. गाण्यातला सर्वांत उंच सूर तुझ्या तार मध्यमावर आण, मग षड्ज पडेल तिथे पडू दे. आणि कुणी 'साइतेन' (यंत्राने गुण देणं) लावलं तर गुणांकडे बघू नकोस. यंत्र कोबुशी मोजतं, खालून उचललेले सूर मोजतं, पण मुख्य गुण पडद्यावरच्या पट्ट्यांशी सूर जुळला की नाही याचे. आपली मींड त्याला बेसूर वाटू शकते.

एक राखीव गाणंही सांगते: हाजिमे चितोसेचं 'वादात्सुमी नो की', २००२ चं. ती आमामी ओशिमा बेटावरची, तिथली शिमाउता (बेटावरची लोकगीतं) गात वाढलेली. त्या गायकीत 'गुइन' म्हणून प्रकार आहे. खुला आवाज चालू असताना क्षणभर पातळ, वरच्या आवाजात उलटवायचा आणि परत यायचं. तुझा आवाज फाटतो म्हणतेस ना, तो सांधा लपवायचा नाही, वापरायचा. लय संथ आहे, वाचायलाही वेळ मिळतो.

मात्र आधी चौकशी कर, 'आमागी-गोए' तिथे कुणाचं ठेवणीतलं गाणं तर नाही ना. दुसऱ्याचं ओहाको पळवणं फार वाईट दिसतं.

शुभदा

---

प्रेषक: केतकी
विषय: उत्तर: मृणालसाठी, जरा लांबलचक

शुभदाकाकू, 'उस्सेवा' मागे घेतलं. :) पण एन्का? पंचविशीतल्यांना ते आजीचं गाणं वाटणार नाही का?

---

प्रेषक: शुभदा
विषय: उत्तर: उत्तर: मृणालसाठी, जरा लांबलचक

केतकी, इशिकावाबाईंनी कोहाकुमध्ये, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात, बरीच वर्षं आलटून-पालटून दोनच गाणी म्हटली, एक हे आणि एक 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी'. ३१ डिसेंबरला घरी टीव्ही चालू असलेल्या प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलंय ते. आणि २००८ मध्ये सिएटलला बेसबॉलवाला इचिरो फलंदाजीला यायचा तेव्हा हेच वाजायचं.

---

प्रेषक: अनिकेत
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मृणालसाठी

शब्द बघितले. दुसरीने तुला पळवण्याआधी मीच तुला मारून टाकलं तर चालेल का, असं विचारते ती. तेही अगदी अदबीने, परवानगी मागितल्यासारखं! 'उस्सेवा' नको आणि हे चालतं?

---

प्रेषक: शुभदा

चालतं. ती प्रियकराला विचारते, बुचोंना नाही.

---

प्रेषक: मृणाल
विषय: ठरलं

शुभदाताई, चौकशी केली ते फार बरं झालं. 'आमागी-गोए' आमच्या कचो-सानचं (सेक्शनच्या प्रमुख बाईंचं) निघालं! त्या दरवर्षी म्हणतात, म्हणे हाताच्या हावभावांसकट. शेजारच्या डेस्कवरची मुलगी एवढंच म्हणाली, "ते राहू दे."

म्हणून 'वादात्सुमी नो की'. काल एकटीच खोली घेऊन बसले होते. दोन दाब खाली घेतलं की उंच भाग आवाक्यात येतो. गुइन मात्र उचकी लागल्यासारखी होते. आवाज वर उलटतो, पण परत येताना सूर थोडा चढा लागतो. रविवारी दुपारी तुम्ही असाल तर योकोहामाला येऊ का? स्टेशनजवळ तासावर खोली मिळते, पैसे माझे. केतकी, तूही ये.

मृणाल

---

प्रेषक: शुभदा
विषय: उत्तर: ठरलं

ये. दोननंतर, त्याआधी माझा क्लास असतो. चढा लागतो कारण वर जाताना जोर लावतेस. जोर खालच्याच सुरावर ठेव, वर नुसतं सुटू दे. तोवर तानपुरा लावून फक्त प-सां-प कर, शब्द नकोत. आणि पुढच्या मेल मला एकटीला पाठव, दिवाळी अंकाचे प्रूफवाले ओरडतील.

शुभदा