रात्रभर उभी राहिलेली जुनी डिझेल पिकअप पहाटे चालू होत नाही : हीटर की एअर?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००८ सालची चार सिलिंडरची डिझेल पिकअप असून तिचा डिझेल पंप जुन्या मेकॅनिकल पद्धतीचा आहे. गगनबावडा रस्त्यावरच्या आमच्या गावातून भाजी भरून पहाटे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोहोचावे लागते, आणि दिवाळीनंतर थंडी पडली तशी गाडी पहाटे त्रास देऊ लागली आहे. पहिले दहा-बारा सेकंद सेल मारला तरी सायलेन्सरमधून काहीच येत नाही. मग पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, इंजिन थरथरत तीनच सिलिंडरवर चालू होते आणि मिनिटभराने सुरळीत होते. एकदा गरम झाली की दिवसभर पहिल्या सेलला चालू होते. बॅटरी पाच महिन्यांपूर्वी नवी बसवली आहे. एका गॅरेजमध्ये पंप आणि नोझल दोन्ही उतरवायला सांगितले, पण तो खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

पहिले उत्तर

दादा, पंप आणि नोझल तूर्त उतरवू नका. आपण धुराचे जे वर्णन केले आहे त्यात निम्मे निदान आहे. पांढरा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचले, पण पेटले नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; आपल्यासारख्या इंजिनात हवा साधारण वीस पट दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. रात्रभर गार झालेले लोखंड ती उष्णता शोषून घेते, म्हणून सुरुवातीला हीटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधली हवा तापवणारे ग्लो प्लग, लागतात. हीटर जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला धरा आणि दुसरी एकेका हीटरच्या टोकाला लावा. ज्याच्यावर दिवा लागणार नाही तो हीटर गेलेला आहे. त्यानंतर चावी फिरवून पट्टीच्या वायरपर्यंत करंट येतो का तेही पाहा, कारण हीटर चांगले असून त्यांना करंट सोडणारा स्विच, म्हणजे रिले, गेलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. इंजिन तीन सिलिंडरवर चालू होते, यावरून निदान एक हीटर गेला असावा, असे मला वाटते.

दुसरे उत्तर

उद्यमनगरात मी बरीच वर्षे डिझेल गाड्यांचे काम करतो. हीटरबद्दल वर लिहिलेले बरोबर आहे, परंतु धूर येण्यापूर्वीच्या दहा-बारा कोरड्या सेकंदांचा खुलासा त्याने होत नाही. हीटर खराब असते तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच पांढरा धूर दिसला असता. धूरच नाही याचा अर्थ तेवढा वेळ डिझेल पोहोचतच नाही. टाकीपासून पंपापर्यंतची डिझेलची लाईन कुठेतरी एअर (हवा) घेते आहे आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरते आहे. ओढीच्या बाजूच्या पाइपला बारीक चीर असेल, तर हवा आत जाते पण बाहेर थेंबही दिसत नाही, त्यामुळे जमिनीवर डाग नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

आपली गाडी थंडीमुळे अडते की बराच वेळ उभी राहिल्यामुळे, हे आधी वेगळे करा. एखाद्या दिवशी ती भर उन्हात सहा-सात तास उभी ठेवा आणि मग सेल मारा. तेव्हाही तेच कोरडे सेकंद आले, तर त्यांचा थंडीशी संबंध नाही. दुसऱ्या पहाटे सेल मारण्यापूर्वी फिल्टरवरचा हातपंप दाबा. तो हाताला पोकळ लागला, पंधरा-वीस वेळा दाबल्यावर कडक झाला आणि त्यानंतर धूर लगेच आला, तर लाईन रिकामी होत होती हे निश्चित समजा. रात्री गाडी चढाला तोंड करून लावत असाल तर तेही कळवा, कारण इंजिन टाकीपेक्षा वर राहिले की डिझेल लवकर उतरते.

आणि कळकळीने सांगतो, कोणी कितीही सुचवले तरी एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका किंवा पेट्रोलचा बोळा धरू नका. तापलेल्या हीटरवर तो वायू वेळेआधीच पेटतो. त्यात रिंगा आणि पिस्टन तुटलेले मी हाताळले आहेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण दोघांनीही नेमके दुखणे सांगितलेत, मनापासून आभार. आमच्या अंगणाला चढ आहे आणि गाडी चढाला तोंड करूनच उभी असते. उन्हात सहा तास ठेवल्यावरही सुरुवातीला धूर आला नाही. दुसऱ्या पहाटे हातपंप अगदी मऊ लागला. अठरा वेळा दाबल्यावर कडक झाला आणि सेल मारताच लगेच पांढरा धूर येऊन इंजिन चालू झाले, मात्र थरथर तशीच राहिली. टाकीवरचा रबरी पाइप क्लिपखाली वाकवून पाहिला, तेव्हा नखाएवढी चीर उघडली. पाइप आणि दोन्ही क्लिपा बदलल्यापासून हातपंपाला हात लावावा लागलेला नाही. टेस्ट लॅम्प तिसऱ्या हीटरवर लागला नाही. नवा हीटर आणला आहे, तो रविवारी बसवतो.