थिनरचा कॅन आत ओढला जातोय, एचडीपीईत नायलॉन मिसळू का?

कुंडईचा मोल्डर
गोव्यातल्या कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ५ लिटरचे एचडीपीई (कडक पॉलिथिन) कॅन ब्लो करतो, म्हणजे साच्यात हवेने फुगवून बनवतो. टोल्युइन-झायलीन या सॉल्व्हंटांचा, रंग पातळ करायचा थिनर भरणारं गिऱ्हाईक म्हणतं, सील शाबूत असूनही वजन घटतं आणि कॅनच्या बाजू आत ओढल्या जातात. लीक टेस्टला कॅन पास आहे. वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर एकत्र काढणारं को-एक्स्ट्रूजन मशीन परवडणारं नाही. थोडं नायलॉन मिसळून काम होईल का?

जुना प्रोसेसवाला
होईल, पण मिसळण्यावरच सगळं आहे. थिनर एचडीपीईत मुरतो आणि भिंतीतूनच बाहेर जातो. आत दाब घटतो, म्हणून बाजू ओढल्या जातात. ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीच्या सुब्रमण्यन यांचं १९८३ चं अमेरिकन पेटंट नेमकं यावरच आहे: नायलॉनचे पातळ पापुद्रे भिंतीत एकावर एक पसरले, की थिनरला वळसे घालत जावं लागतं. जास्त घोटलंत तर नायलॉनचे बारीक थेंब होतात आणि अडथळा संपला! म्हणून मिक्सिंग सेक्शन नसलेला साधा स्क्रू घ्या. नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळतं, तापमान त्याच्या थोडंच वर ठेवा. मॅलेइक अनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं (रासायनिकरीत्या जोडलेलं) पॉलिथिन घालाच, ते नायलॉन आणि एचडीपीईला चिकटवून धरतं, नाहीतर पापुद्रे सुटतात.

वेर्णा क्यूसी
आपल्याकडच्या पावसाळ्यात नायलॉन ओल धरतं, ते डिह्युमिडिफायर (कोरड्या हवेच्या) ड्रायरमध्येच वाळवा, नुसत्या हॉपर ड्रायरवर विसंबू नका. भिंतीचा पातळ काप काढून टिंक्चर आयोडीन लावा. नायलॉन तपकिरी होतं, रेघा (पापुद्रे) आहेत की ठिपके (थेंब) ते भिंगातून दिसतं.

कुंडईचा मोल्डर
उपकार झाले! मिथेनॉलवाल्या थिनरलाही हाच कॅन चालेल?

जुना प्रोसेसवाला
नको. मिथेनॉल नायलॉनमध्ये शिरतं. त्यासाठी फ्लोरिनेशन केलेले, म्हणजे पृष्ठभागावर फ्लोरीन वायूची प्रक्रिया केलेले कॅन तपासा.