साडेचार वर्षाचं लेकरू पाच मिनिटं एका जागी बसत नाही, काय करावं?

लातूरची_माय
नमस्कार मंडळी. पोरगं साडेचार वर्षाचंय. परवा बालवाडीच्या बाईंनी बोलावून सांगितलं की गोष्ट चालू असली की हा उठून खिडकीपाशी जातो, रंगवायला दिलं की अर्धा कावळा रंगवून सोडून देतो. घरी पण तसंच. ठोकळे आणले, पझल आणलं, सातशे रुपयांचं बुद्धी वाढवायचं म्हणून एक किट आणलं, दोन दिवसात सगळं पलंगाखाली. मोबाईल दिला की मात्र तासभर हलत नाही, मग याचं लक्ष लागतंय म्हणावं की लागत नाही हेच कळंना. सासूबाई म्हणतेत लेकरू हाय ते, म्हातारं हाय का एका जागी बसायला. जाऊबाई म्हणतेत डॉक्टरला दाखव. मी घरीच शिवणकाम करते, मिस्टर रात्री साडेनऊला येतेत, त्यामुळं रोज दोन तास ॲक्टिव्हिटी घ्या असलं कोणी सांगू नका, आधीच सांगून ठेवते.

निलंग्याची_सून
किट पलंगाखाली गेलं ते बरंच झालं ताई 😄 आमच्याकडं मागच्या उन्हाळ्यात चिंचा फोडायला बसलो होतो, सासूबाई, मी, शेजारच्या काकू. इकडची पानचिंचोलीची चिंच म्हणजे २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, पण पोरीला त्याचं काय, तिला फक्त शिरा ओढायच्या होत्या. मी टरफल काढून द्यायची, ती वरून शीर धरून हळूच खाली ओढायची, अख्खी निघाली की वर धरून सगळ्यांना दाखवायची, तुटली की पुन्हा दुसरी. तोंडात एखादी जायचीच. पाऊण तास बसली, पाच वर्षाची पोरगी, बस म्हणून कोणी म्हणलं पण नव्हतं. तिचा ढीग वेगळा ठेवला होता, तेवढं मात्र केलं. आणि उठली कधी तर मी तिच्या हातातनं चिंच घेऊन "अगं अशी नाही, अशी" म्हणलं तेव्हा. माझीच चूक. लेकरू रमलेलं असलं की आपण मधी बोलायचं नाही, शाब्बास सुद्धा नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. तुमचं शिवणकाम आहे ना, बटनं रंगावारी लावायला द्या, सुटे धागे गोळा करायला द्या. तुमच्या शेजारी बसून तुमचंच काम.

परभणीकर_बाबा
हे सगळं वाचायला छान वाटतंय हो. आमच्या पोराला ज्वारी निवडायला बसवलं तर त्यानं काढलेले खडे परत ज्वारीत टाकले, आई अजून बोलायलीय 😂
आमच्यात चाललं ते चल्लसआठ, सोंगट्यांचा जुना घरगुती खेळ. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखली, चिंचोके दगडावर घासून त्याच्या फाका केल्या, चार फाका, सोंगट्या म्हणून आबांची औषधाची झाकणं. पहिले चार दिवस स्वतःचं दान टाकलं की पळायचा. आबांनी एक केलं, त्याची पाळी यायच्या आधी "आता मला किती पडलं रं, मला दिसंना" असं विचारायचे. मग तो दुसऱ्याच्या दानावर पण डोळा ठेवायला लागला, बघता बघता मोजायला पण शिकला. आता अख्खा डाव बसतो. हरला की रडतो, ते वेगळं.

बालवाडी_ताई_बीड
लातूरच्या ताई, बारा वर्षं याच वयाच्या लेकरांत आहे म्हणून सांगते. मोबाईलवर लेकरू लक्ष देत नसतंय, मोबाईल त्याला धरून ठेवतोय. चित्र आपोआप बदलतं, आवाज आपोआप येतो, लेकराला स्वतःला काहीच रेटावं लागत नाही. चिंचेची शीर त्यानं नाही ओढली तर निघणार नाही, फरक तेवढाच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मधी सांगितलंय की दोन ते चार वर्षाच्या लेकरांना दिवसात जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी तर चांगलंच. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पण दोन ते पाच वर्षाला एक तासाच्या वर नको म्हणते, तो पण मोठं माणूस शेजारी बसून. एकदम बंद करू नका, घरात युद्ध होईल. जेवतानाचा आधी काढा.
अजून एक. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या चेन यू आणि लिंडा स्मिथ यांनी साधारण वर्षाच्या लेकरांच्या आणि आईबापाच्या डोक्याला छोटे कॅमेरे लावून दोघं कुठं बघतेत ते तपासलं होतं, २०१६ ला छापून आलं. लेकरू ज्या खेळण्याकडं बघतंय तिकडंच आईबापानं बघितलं तर लेकराची नजर जास्त वेळ टिकायची, मोठ्यानं नजर काढली तरी थोडा वेळ टिकायची. तुमचं मोठंय, पण शेजारी बसून आपणच फोन बघायला लागलो तर ते पण उठणारच की.
डॉक्टरचं म्हणाल तर हाक मारल्यावर वळून बघत नाही, बोलणं मागं आहे, सारखं पडतंय धडपडतंय असं असेल तर जरूर दाखवा, त्यात लाज नाही. अर्ध्या कावळ्यासाठी घाबरू नका. आणि चिंचोके, बटनं, शेंगदाणे घरात त्याच्याहून लहान कोणी असेल तर जपून, तीन वर्षाच्या आतली सगळं तोंडात घालतेत, श्वास अडकतो.

जालन्याचा_पोरगा
आधी घरातल्या बापांचे फोन गोळा करा, मग लेकराचं बघू.

लातूरची_माय
@जालन्याचा_पोरगा तेच मिस्टरांना वाचून दाखवलं, हसले आणि फोनच बघत हसले 🙏
आठ दिवसानं लिहितेय. गावाकडून तुरीच्या शेंगा आल्या होत्या, येळवस म्हणजे वेळ अमावस्येनंतरच्या शेवटच्या. सोलायला बसलो, काही बोलले नाही, त्याचं ताट वेगळं दिलं. बारा मिनिटं बसला, घड्याळ बघत होते म्हणून माहिती. मग टरफलं गल्लीतल्या गायीला घालून आला आणि स्वतःहून परत येऊन बसला, हे मला अपेक्षित नव्हतं. बटनांचा डबा मात्र दुसऱ्याच दिवशी सांडला, दोन अजून सापडायची आहेत.
परभणीकर दादा, एक सांगा, आठ पडले की परत टाकायचं असतंय ना? सासूबाई म्हणतेत फक्त चार पडल्यावर, आणि पोरगं त्यांच्याच बाजूनं आहे.

परभणीकर_बाबा
चार पडो नाहीतर आठ, दोन्हीला परत दान. सासूबाईंना म्हणावं परभणीला या, एक डाव होऊन जाऊ द्या.